पांढरं बॅकग्राउंड

सेलिन घोन्साल्विसने आयुष्यात जितक्या लोकांना 'हसू नका' म्हणून दम दिला, तितका एखाद्या कडक हेडमास्तरानेही दिला नसेल. दुबईत अल कुसैसमधल्या एका गल्लीत लाँड्री आणि मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाच्या मधोमध दाबून बसवलेला एक फोटो स्टुडिओ आहे. व्हिसा, पासपोर्ट, लेबर कार्ड, ज्याला जसा लागेल तसा फोटो तिथे काढून मिळतो. मालक केरळचा, तो महिन्यातून दोनदा तोंड दाखवायचा. बाकी सगळा कारभार सेलिनचा. समोर एक स्टूल, स्टुलामागे पांढरा पडदा आणि पडद्यासमोर कपाळाला आठ्या घातलेली सेलिन, असा तो स्टुडिओ वीस-बावीस वर्षं चालला.

"चिन नीचे. कान दिखने दो. हसना नहीं. अरे, हसना नहीं बोला ना!"

मराठी गिऱ्हाईक आलं की हेच मराठीत. बिचारी माणसं आधीच घाबरलेली असत. कुणाची नोकरी नवी, कुणाचा व्हिसा संपत आलेला, आणि घाबरलेला माणूस उगाच हसतो. सेलिनला ते हसू अजिबात खपत नसे. मशीन फोटो नाकारणार, मग हाच माणूस परत येऊन तिच्याशी भांडणार, हे तिला पाठ होतं. म्हणून ती आधीच भांडून घ्यायची. तिच्या तोंडी लागायला गल्लीत कुणी धजत नसे, पण फोटोला मात्र सगळे तिच्याकडेच येत, कारण तिने काढलेला फोटो कधी परत आला नाही. शर्टावर आलेल्या माणसाला ती कॉम्प्युटरवर कोट-टाय चढवायची, विस्कटलेले केस बसवायची आणि मागे पडद्याची एखादी सुरकुती जरी दिसली तरी ती पुसून टाकायची. माणसाच्या मागे काही म्हणजे काही दिसता कामा नये, हा तिच्या धंद्याचा पहिला नियम.

आता गंमत अशी की, सेलिनचा स्वतःचा धड एक फोटो नव्हता. चर्चचा कार्यक्रम असो, कुणाचं बारसं असो, गणपतीला वरच्या मजल्यावरच्या अर्चनाकडे जमलेली मंडळी असोत, फोटोची वेळ आली की कॅमेरा तिच्या हातात. "सेलिन, तूच काढ गं, तुझा हात चांगला." त्यामुळे दर फोटोत सगळे असत आणि सेलिन नसे. तिचे फोटो होते ते फक्त व्हिसाचे. दर नूतनीकरणाला एक. मागे पांढरं, ओठ मिटलेले, आणि प्रत्येकात केस थोडे अधिक पिकलेले.

त्या वर्षी तिचा नवरा सिप्रियन निवृत्त होत होता. एका हॉटेलच्या स्टोअरमध्ये त्याची सगळी नोकरी गेली होती. दोघांचं गावी परतायचं ठरलं होतं. वसईला भुईगावात घर बांधून तयार होतं, रंग लावून झाला होता, आणि हॉलच्या मुख्य भिंतीवर सेलिनने मुद्दाम सांगून एक मजबूत खिळा ठोकून घेतला होता. सिप्रियनने विचारलं, तिथे काय लावणार? घड्याळ?

"आपला दोघांचा फोटो," सेलिन म्हणाली. "मोठा. आणि मागे काहीतरी असलेला. झाड असू दे, घर असू दे, फुलं असू देत. पांढरं नको. मला आता पांढऱ्याचा कंटाळा आलाय."

एवढीच मागणी होती. परदेशात इतकी वर्षं काढून बाईने मागितलं काय, तर आपल्या पाठीमागे दोन झाडं. सिप्रियन म्हणाला, इन्शाल्ला, काढू.

इथे आता करेनचं नाव काढावं लागतं, आणि ते काढताना सेलिनच्या कपाळाची शीर अजून उडते. करेन म्हणजे सेलिनची धाकटी जाऊ, सिप्रियनच्या भावाची, कार्लची बायको. कार्लला दुबईत आणलं सिप्रियनने. त्याला नोकरी लागली, लग्न झालं, नवी नवरी आली, तेव्हा ही दोघं राहिली कुठे? सेलिनच्या एका खोलीत, मधे प्लायवुडचं पार्टिशन घालून. एका बाजूला थोरलं जोडपं, दुसऱ्या बाजूला धाकटं. करेनला मलेरिया झाला तेव्हा तिच्या उशाशी सेलिन बसली. एलीशा जन्मली तेव्हा बाळंतीण आणि बाळ दोघींना सेलिननेच अंघोळी घातल्या. पुढे कार्लचे दिवस पालटले, करेनलाही चांगल्या कंपनीत नोकरी लागली, आणि ती मंडळी सिलिकॉन ओएसिसमध्ये स्विमिंग पूलवाल्या इमारतीत राहायला गेली. जाऊ देत. सेलिनला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. वाईट वाटलं ते त्यांच्या घरच्या पहिल्याच पार्टीत. सेलिन कुठल्या तरी शेजारणीला कौतुकाने सांगत होती, की अहो, ही दोघं आमच्याकडे पार्टिशनमध्ये राहायची, एकाच्या घोरण्याने चौघं जागी व्हायचो. करेनने तिला हाताला धरून किचनमध्ये नेलं.

"वहिनी, प्लीज. लोकांसमोर आपलं बॅकग्राउंड कशाला काढता?"

सेलिनने तो शब्द गिळला. पण तिचं पोट असं होतं, की त्यात गेलेलं काही पचत नसे.

तरीही निघायच्या आधी एक दिवस सगळ्यांनी मिळून फिरायला जाऊ, असं करेननेच सुचवलं तेव्हा सेलिन हो म्हणाली. जायचं होतं अल ऐनच्या बाहेर, ब्रॅम्बलकोट हॉल पाहायला. कुणा हौशी शेठने इंग्लंडमधला एक जुना जमीनदारी बंगला विकत घेतला, दगड न् दगड नंबर घालून सोडवला, जहाजात भरला आणि इथे वाळूत परत उभा केला. सोबत तिथल्यासारखी बागही केली. गुलाबाचे वाफे, कातरलेली कुंपणं, हिरवळ, दगडी कारंजं, सगळं. लोक तिकीट काढून बघायला जातात आणि मुख्यतः फोटो काढायला जातात. दारासमोरच्या रुंद पायऱ्यांवर फॅमिली फोटोसाठी वेळ बुक करावी लागते. करेनने ती केली होती.

"आधी आमचा सगळ्यांचा काढा, मग लगेच नानांचा आणि तुमचा," करेन फोनवर म्हणाली. "मागे आख्खा इंग्लिश बंगला येईल वहिनी. गावात लोक बघत राहतील."

सेलिन विरघळली. तिने त्या दिवसासाठी मोरपंखी रेशमी साडी काढली, पार्लरमध्ये जाऊन केस बसवून घेतले. सिप्रियनचा कोट तिने स्वतः इस्त्री केला. इतरांना कॉम्प्युटरवरून कोट चढवणाऱ्या बाईने नवऱ्याला खराखुरा चढवला. वाटेत गाडीत कार्ल म्हणाला, "वहिनी, आज तुम्हीच हिरॉइन." पुढे जे झालं ते पाहता त्याचं हे वाक्य सेलिनच्या कानात नंतर बरेच दिवस राहिलं.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. भुईगावात सिप्रियन थोरला, म्हणून सगळे त्याला नाना म्हणतात. नानांची बायको ती नानी. भावंडं, पुतणे, शेजारचीही मुलं तसंच म्हणतात. एलीशा दुबईत जन्मली, मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते, पण 'नाना' आणि 'नानी' हे दोन शब्द तिचे पक्के आहेत. मराठी घरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ब्रॅम्बलकोट हॉलच्या तिकीट खिडकीवर मात्र ते सांगायला हवं होतं.

सिप्रियन आणि कार्ल गाडी लावायला गेले होते. खिडकीवर करेन, सेलिन आणि एलीशा. सेलिनच्या एका खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग, दुसऱ्यावर एलीशाची, हातात एलीशाची पाण्याची बाटली. खिडकीतली मुलगी कुठल्या देशाची होती कोण जाणे, पण सारखी हसत होती, आणि हसणाऱ्या माणसांविषयी सेलिनचं मत काही बरं नव्हतं. तिने करेनच्या मनगटाला पांढरा कागदी पट्टा बांधला, एलीशाला बांधला, दोन पट्टे पुरुषांसाठी दिले. मग सेलिनकडे बघून म्हणाली, "अँड शी इज?"

"शी इज माय नानी!" एलीशा मोठ्याने म्हणाली.

"ओह, द नॅनी! लव्हली."

सेलिनला बाई इतकं बरं वाटलं! परक्या मुलुखातली गोरी पोर, आणि तिने आपल्याला नानी म्हटलं. उच्चार जरा वाकडा होता, पण गोऱ्यांचे असतातच. सेलिन चक्क हसली. "यस यस, नानी," ती म्हणाली आणि हात पुढे केला. मुलीने तिच्या मनगटाला हिरवा पट्टा बांधला. साडीला शोभून दिसतो, असंही सेलिनच्या मनात आलं.

करेनला मात्र सगळं कळलं होतं. तिने तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात मागून कुणीतरी "करेन, डार्लिंग!" करत आलं. ती नबिला, करेनच्या ऑफिसातली वरिष्ठ. जन्माने हैदराबादची, वाढलेली दुबईत, आणि करेनला त्या वर्षी जे प्रमोशन हवं होतं ते तिच्या हातात. नबिलाबरोबर तिची दोन मुलं होती, आणि मुलांना सांभाळायला एक फिलिपिनो मुलगी. त्या मुलीच्या मनगटाला हिरवा पट्टा. नबिलाने सेलिनच्या हिरव्या पट्ट्याकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली, बरोबरीच्या माणसाकडे पाहून हलवतात तशी. सेलिनकडे पाहून नव्हे, करेनकडे पाहून. आणि करेनने उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

आत शिरल्यावर सेलिनला तो बंगला आवडला नाही. आवडावा म्हणून तिने मनापासून प्रयत्न केला. पण उन्हाळ्यात जिथे रस्त्यावरचं डांबर मऊ होतं, तिथे त्या घराला खोलीगणिक शेकोटी, आणि छपरावर धुराड्यांची रांग. धुराड्यांच्या मागे अल ऐनचा तो बोडका डोंगर. भिंतींवर जुन्या लॉर्डांची तैलचित्रं होती. सेलिनने एकेक निरखून पाहिलं. कुणाची हनुवटी वर, कुणाचे कान केसांत बुडालेले, एकाच्या मांडीवर तर कुत्रा. व्हिसाच्या लायकीचा एक चेहरा त्यात नव्हता. पण एकही जण पांढऱ्या पडद्यापुढे बसलेला नव्हता, हेही तिला दिसलं. प्रत्येकाच्या मागे झाडं होती, तळं होतं, स्वतःचं घर होतं.

दिवसभर ती करेनचे फोटो काढत राहिली. करेन जिन्यात, करेन खिडकीत, करेन पुस्तकांच्या कपाटापुढे, एकही पुस्तक न उघडता. आणि दिवसभर काहीतरी खुपत राहिलं. नबिलाने आपल्या मुलाचं जॅकेट काढून तिच्या हातात दिलं, "जरा पकडना," आणि पुढे निघून गेली. ठीक आहे, मूल आहे. करेन तिला 'सेलिन' म्हणून हाक मारू लागली. लग्न होऊन आल्यापासून 'वहिनी'शिवाय हाक मारली नव्हती, आज 'सेलिन, हियर', 'सेलिन, वन मोर'. काचेच्या एका मोठ्या दालनात चहा मांडला होता, तर करेन म्हणाली, "तुम्ही एलीशाला घेऊन गुलाबांचे फोटो काढून घ्या ना, ऊन चांगलं आहे. आमचं होईल तोवर." सेलिन गुलाबांकडे गेली. फुलं टपोरी होती, मान्य, पण मातीतून काळ्या नळ्यांची जाळी दिसत होती आणि वास कशाचाच येत नव्हता. काचेतून तिला सिप्रियन दिसला, कोट घालून चहा पिताना. नंतर तो कौतुकाने सांगत आला, "कपाला पंचेचाळीस दिरहॅम! हजार रुपये गं चहाला!"

"मला कुणी विचारलं नाही," सेलिन म्हणाली.

"तू फोटो काढत होतीस ना," सिप्रियन म्हणाला.

शेवटी पायऱ्यांची वेळ आली. दगडी रुंद पायऱ्या, दोन्ही बाजूंना गुलाबांच्या कुंड्या, मागे ते दार, ती खिडक्यांची रांग. खरं सांगायचं तर तिथे सेलिनचा राग क्षणभर निवळला. तिला भुईगावची भिंत दिसली, खिळा दिसला आणि त्यावर हे सगळं दिसलं. तिने एकेकाला उभं केलं, करेन मधे, कार्ल डावीकडे, एलीशा पुढे, उजव्या टोकाला सिप्रियन. प्रकाश पाहिला, कॅमेरा लावला आणि तिथे देखरेखीला असलेल्या माणसाच्या हातात दिला. उझैर त्याचं नाव, छातीवर लिहिलेलं होतं. "भैया, बस ये बटन. दो निकालना." आणि साडी सावरत वर चढून ती सिप्रियनच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

उझैरने कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला.

"आंटी, आप नीचे आ जाओ. स्टेप्स पे सिर्फ गेस्ट का फोटो होता है."

"मैं गेस्ट ही हूँ."

"आंटी, हरा बँड है आपका. हरा नॅनी का होता है."

"हां तो, मैं नानी ही हूँ ना."

"जी, वही तो बोल रहा हूँ," उझैर बिचारा म्हणाला.

सेलिनने आपल्या मनगटाकडे पाहिलं. मग खाली रांगेत नबिलाच्या मुलाचं नाक पुसत उभ्या असलेल्या फिलिपिनो मुलीच्या मनगटाकडे पाहिलं. मग जॅकेट, चहा, 'सेलिन, हियर', सगळं एकदम जागच्या जागी बसलं.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. नॅनी म्हटल्याने सेलिनला कमीपणा आला नाही. तिची आई वांद्र्याला एका पारशी घरात आया होती, त्या पगारावर सेलिन शाळा शिकली, आणि हे ती कुणालाही मान वर करून सांगते. भडका उडाला तो दुसऱ्याच गोष्टीने.

"करेन," ती म्हणाली, "ह्याला सांग मी कोण आहे."

करेन गुलाबाच्या कुंडीकडे बघत होती.

"करेन, तुला खिडकीवरच कळलं होतं?"

"वहिनी, प्लीज," करेन ओठ न हलवता मराठीत म्हणाली, "खाली नबिला उभी आहे. सीन नको. आपला स्लॉट दहा मिनिटांचा आहे. तुम्ही आता आमचा काढून घ्या ना, तुमचा नंतर बघू."

"कळलं होतं तुला."

कार्लने खिशातून मोबाइल काढला आणि त्यात डोकं घातलं. ज्याच्या शर्टाची बटणं तिने शिवली, ज्याला पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला कसं बोलायचं ते तिने शिकवलं, तो आज वहिनीकडे मान वर करून बघेना. सेलिनला त्याच्याकडून तशी अपेक्षाही नव्हती. तिने सिप्रियनकडे पाहिलं.

सिप्रियन एक पायरी खाली उतरला. "भाईसाब," तो उझैरला म्हणाला, "ये मेरी..."

"सर, काउंटर से बँड बदली करा लो, मुझे कोई प्रॉब्लेम नहीं," उझैर म्हणाला. "लेकिन तब तक स्लॉट खलास हो जायेगा. पीछे लाइन है."

"नाना, या ना," करेन म्हणाली. "टाइम चाललाय."

सिप्रियनने रांगेकडे पाहिलं. हा माणूस उभ्या आयुष्यात कधी रांगेत कुणाच्या पुढे गेला नाही, कधी कुणाला थांबवलं नाही, हॉटेलच्या स्टोअरमध्ये चुकीचा माल आला तरी आधी सॉरी म्हणायचा. सेलिनला त्याचा हा स्वभाव माहीत होता आणि इतकी वर्षं दोघांच्या वाटणीचं भांडण ती एकटी भांडत आली होती. आज तिने एकदाच वाट पाहिली, त्याने तोंड उघडण्याची. 'ये मेरी बीवी है.' एवढे चार शब्द.

"जाऊ दे सेलिन," सिप्रियन म्हणाला. "दहा मिनिटांचा प्रश्न आहे. नंतर काढू आपण. इन्शाल्ला."

आणि तो परत एक पायरी वर चढला, जागेवर उभा राहिला, आणि कोट सारखा केला. शेजारची सेलिनची जागा त्याने सवयीने मोकळी ठेवली.

सेलिन पायऱ्या उतरून खाली आली. उझैरच्या हातातून तिने कॅमेरा घेतला. तिला एकच करता येत होतं ते तिने केलं. "करेन, हनुवटी खाली. केस कानामागे. कार्ल, मोबाइल खिशात. नाना, खांदे सरळ." आवाज स्टुडिओतलाच होता, थंड आणि मोठा, रांगेतली माणसंसुद्धा सरळ उभी राहिली. मग ती म्हणाली, "हसा."

आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली असेल.

"हसा. सगळे हसा. नाना, तुम्हीही हसा."

आणि ते सगळे हसले. सिप्रियनसुद्धा.

नंतर काढायचा तो फोटो निघाला नाही, हे सांगायला नकोच. नंतर नबिलाला बाय करायचं होतं, नंतर एलीशाला झोप आली, नंतर काउंटर बंद झाला. गाडीत करेनने एकदा "वहिनी, इट वॉज जस्ट अ बँड" असं म्हणून पाहिलं. सेलिनने खिडकीची काच खाली केली, तेव्हा वाऱ्याच्या आवाजात पुढचं बोलणं बुडालं. घरी आल्यावर सिप्रियन मुकाट्याने कात्री घेऊन आला, तिच्या मनगटावरचा पट्टा कापायला. "राहू दे," ती म्हणाली. अंघोळीच्या पाण्याने तो आपोआप गळेपर्यंत तिने तो ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत गेली. तिची आठवडाभराचीच नोकरी उरली होती. गिऱ्हाईक नसेल तेव्हा ती तो फोटो उघडून बसायची. खरं म्हणजे तिला काहीच अवघड नव्हतं. पडद्यापुढे बसून स्वतःचा फोटो काढायचा, कापायचा, सिप्रियनच्या शेजारच्या त्या मोकळ्या जागेत चिकटवायचा. सावली दिली की कुणाच्या बापाला कळलं नसतं. हजारो लोकांना तिने न घातलेले कोट घातले होते. तिने तसं करूनही पाहिलं. छान दिसत होतं. मग तिने ते काढून टाकलं, कारण तिला तिथे चिकटून जायचं नव्हतं, उभं राहायचं होतं.

त्याऐवजी तिने आपल्या धंद्याचा पहिला नियम लावला. आधी धुराडी पुसली. मग छप्पर, खिडक्या, ते भलंमोठं दार. मग गुलाब, एकेक करून. मग पायऱ्या. शेवटी स्वच्छ पांढऱ्यावर चार माणसं उरली, पायाखाली काही नाही, मागे काही नाही, आणि सगळी हसताहेत. सिप्रियनच्या शेजारची जागा तिने होती तशीच मोकळी ठेवली. मोठी प्रत काढली आणि चांगल्या लाकडी फ्रेममध्ये घातली.

सामान बांधताना सिप्रियनने ती पाहिली. बराच वेळ हातात धरून बसला.

"हा लावणार तू त्या खिळ्यावर?"

"हाच."

"लोक विचारतील गं. नानी कुठंय म्हणून."

"विचारू देत. उत्तर तुम्ही द्यायचं."

निघायच्या आधीच्या रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर, त्यांच्या घरी सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. वरच्या मजल्यावरची अर्चना आणि तिचा नवरा वासुदेव, चर्चमधली मंडळी, कार्ल, करेन, एलीशा. सेलिनने पहाटेपासून खपून फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोल गोळे, तळले होते, चिकन केलं होतं. फ्रेम तिने टीव्हीच्या टेबलावर मुद्दाम दारासमोर ठेवली होती.

करेन आत आली आणि दारातच थांबली.

"वहिनी, हे काय? बॅकग्राउंड कुठे गेलं?"

"तुला बॅकग्राउंड नको असतं ना?" सेलिन म्हणाली. "काढून टाकलं."

करेनचा चेहरा त्या फोटोच्या मागच्या भागासारखा पांढरा झाला. ती कार्लकडे वळली, कार्ल एलीशाच्या बुटाची लेस बांधायला खाली वाकला. तेवढ्यात अर्चना ताटली घेऊन टेबलापाशी आली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने चष्मा नाकावर सरकवून फोटो पाहिला.

"अय्या, सगळे आहात की! पण नाना, तुम्ही एकटेच? शेजारी एवढी जागा सोडलीये, आणि आमची नानी कुठंय?"

सगळे सिप्रियनकडे बघू लागले. सिप्रियनने करेनकडे पाहिलं, कार्लकडे पाहिलं, मग किचनच्या दारात फुग्यांची परात घेऊन उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. आणि घाबरलेली माणसं हसतात तसा तो हसला.

"हसू नका," सेलिन म्हणाली. "सांगा."